खिडकीसकट बिऱ्हाड

आई-बाबा निपाणीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे लीड्सला आले होते. लंडन पाहून झाले, यॉर्क पाहून झाले, आणि मग बाबांनी, म्हणजे ज्यांनी चाळीस वर्षे तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिले त्यांनी, एका संध्याकाळी शांतपणे सांगितले की देवळे आणि राजवाडे पुष्कळ झाले, आता एखाद्या खेड्यात राहू या. त्यांच्या या एका वाक्यातून इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सरहद्दीवर आठवडाभर एक कॉटेज भाड्याने घेण्याचा बेत ठरला. सरहद्दीचीच जागा निवडण्याचे कारण उघड होते. सीमाभागात जन्म काढलेल्या माणसाला दुसऱ्याची सीमा पाहायला आवडेल, असा माझा अंदाज होता आणि तो खरा ठरला.

जागा नॉर्थम्बरलंडच्या अगदी उत्तर टोकाला, टिल नदीच्या खोऱ्यात, ब्रँक्स्टन या गावापासून दोन मैलांवर होती. टिल पुढे जाऊन ट्वीड नदीला मिळते आणि या भागात ट्वीडचे पात्र हीच दोन देशांमधली हद्द आहे.

घर ठरवण्याचे काम मला वाटले होते त्यापेक्षा किचकट निघाले. अशी बहुतेक घरे शनिवार ते शनिवार किंवा शुक्रवार ते शुक्रवार अशीच मिळतात, मधल्या वारी जाणे-येणे चालत नाही, आणि भाडे शाळांच्या सुट्ट्यांप्रमाणे चढते-उतरते. सरहद्दीवर यात आणखी एक गंमत आहे. स्कॉटलंडच्या शाळा जूनच्या शेवटी बंद होतात, तर इंग्लंडच्या जुलै सरत आल्यावर, त्यामुळे उन्हाळ्यातले महाग आठवडे इथे जरा जास्तच लांबतात. मे महिन्याच्या अखेरची इंग्रजी शाळांची आठवड्याची सुट्टी संपल्यानंतर आणि स्कॉटिश सुट्टी लागण्यापूर्वी जी मधली फट राहते, त्यातला जूनचा दुसरा आठवडा आम्ही पकडला आणि बरेच पैसे वाचवले. एक तृतीयांश रक्कम आधी भरायची, उरलेली आठ आठवडे अगोदर, आणि शिवाय मोडतोडीपोटी दीडशे पौंडांची अनामत, असा व्यवहार होता.

एका गोष्टीत मात्र आम्ही फसलो, आणि हे घर शोधणाऱ्या प्रत्येकाला सांगण्यासारखे आहे. जाहिरातीत दोन शयनगृहे, त्यांची सुंदर छायाचित्रे आणि ‘निरभ्र रात्री तारांगण’ असे सारे होते, पण दोन्ही शयनगृहे वर आहेत आणि वर जाणारा जिना जवळजवळ शिडीइतका उभा आहे, हे कुठेही लिहिलेले नव्हते. आईच्या गुडघ्यांचा विचार करून मी भाडे घेणाऱ्या मध्यस्थांना तसे विचारलेही होते. नऊ दिवसांनी उत्तर आले की घर दुमजली आहे. ते मला छायाचित्रावरूनही दिसत होते. शेवटी आई सातही रात्री खालच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपली. तिने तक्रार केली नाही, म्हणून मलाच अधिक वाईट वाटले. वयस्क माणसे बरोबर असतील तर घराचा नकाशा मागून घ्यावा आणि तो हाती येईपर्यंत पैसे भरू नयेत. तारांगणाचे म्हणाल तर साडेपंचावन्न अंश उत्तर अक्षांशावर जूनमध्ये पुरता काळोख होतच नाही. सूर्य रात्री पावणेदहाला मावळतो आणि त्यानंतरही उत्तरेकडचे आकाश उजळच राहते. तारे पाहायचे असतील त्यांनी थंडीत जावे.

मॉर्पेथपर्यंत मोठा रस्ता आणि पुढे वूलरवरून जाणारा ए-६९७, असा सरळ प्रवास होता. डाव्या हाताला चेव्हियटचे डोंगर, अंगावर शेवाळी-करडी छटा घेतलेले, आणि सर्वांत उंच माथा जेमतेम ८१५ मीटर. सह्याद्री पाहिलेल्या बाबांनी त्यांना नम्रपणे ‘टेकड्या’ म्हटले. शेवटच्या तीन मैलांत रस्ता दाखवणाऱ्या यंत्राने आम्हाला कोणाच्या तरी गोठ्यासमोर नेऊन ‘तुम्ही पोहोचलात’ असे जाहीर केले, कारण खेड्यातला एक पिनकोड कित्येक शेतांना मिळून असतो. मालकीणबाईंनी पत्रात यंत्रावर विसंबू नका असे स्पष्ट लिहिले होते. ते पत्र आम्ही गोठ्यासमोर उभे राहून वाचले.

घराची किल्ली दारालगतच्या आकडे फिरवायच्या छोट्या पेटीत होती. आत टेबलावर एक जाडजूड माहितीवही, दुधाची बाटली आणि स्वागताचा केक. वहीत कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा यापासून ते सांडपाणी मागच्या जमिनीखालच्या टाकीत जाते, म्हणून तेल-तूप मोरीत ओतू नये, इथपर्यंत सगळे होते. आईने ते माझ्याकडून वाचून घेतले आणि तळणाचे तेल गाळून बरणीत भरण्याची व्यवस्था पहिल्याच संध्याकाळी करून टाकली.

शेगडीने मात्र आमची परीक्षा पाहिली. काचेचे दार असलेली ती लोखंडी पेटी मी विझल्या चुलीसारखी हाताळली. खाली कागद, वर काटक्या, त्यावर ओंडके रचून काडी लावली, आणि दहा मिनिटांत खोलीत धूर, काच काळीठिक्कर आणि छतावरचा धोक्याचा भोंगा सुरू. चुका दोन होत्या. मागच्या पडवीत रचलेली लाकडे ओलसर होती आणि हवा येण्याच्या खालच्या पट्ट्या मी बंद ठेवल्या होत्या. इंग्लंडमध्ये २०२१ पासून छोट्या प्रमाणात विकायच्या जळणात २० टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही आणि तशी लाकडे शिक्का मारून पिशवीत मिळतात. तशी एक पिशवी जिन्याखाली होती, ती आम्हाला दुसऱ्या दिवशी दिसली. मग आईने ताबा घेतला. तिने उलटी रचना केली, मोठे ओंडके तळाशी, त्यावर काटक्या आडव्या-उभ्या, अगदी वर पेटवण, आणि दोन्ही पट्ट्या सताड उघड्या. जाळ वरून खाली उतरत गेला, धूर झाला नाही, आणि ओंडक्यांनी पेट घेतल्यावर तिने खालची पट्टी बोटभर सरकवून बंद केली. तिला हे कोणी शिकवले नव्हते. जाळाला वारा कुठून हवा हे तिला कळत होते, एवढेच. काळी झालेली काच ओल्या कागदावर गार राख घेऊन घासली की स्वच्छ होते, ही युक्ती मात्र वहीतली.

घर वाळूच्या दगडाचे, भिंती हातभर जाड, खिडक्या लहान. पूर्वी ही एकाला एक लागून असलेली दोन घरे होती आणि मधली भिंत फोडून त्यांचे एक केले आहे, हे जोत्यावरून दिसत होते. म्हणजे आम्हा चौघांना जे बेताचे वाटत होते, त्यात एकेकाळी दोन कुटुंबे राहत होती. कोण राहत होते, याचे उत्तर मला घरातल्याच कपाटातल्या स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांत मिळाले, आणि त्यानंतर त्या घराकडे पाहण्याची माझी दृष्टी पार बदलली.

ही घरे ‘हाइंड’ लोकांची. हाइंड म्हणजे आपल्याकडचा सालगडी. आपल्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला सुरू होते. इथे मार्चच्या बाजारात बोली ठरायची आणि मे महिन्याच्या मध्यावर मुक्काम हलायचा. मजुरी बरीचशी धान्य, बटाट्याची जमीन आणि एका गायीचे वैरण-पाणी या रूपात. वर एक अट असे, की गड्याने स्वतःबरोबर शेतावर राबायला एक बाई पुरवली पाहिजे. तिला ‘बाँडेजर’ म्हणत. घरात कामाजोगी मुलगी किंवा बहीण नसेल तर गड्याने पदरचे पैसे खर्चून बाई ठेवायची आणि तिला त्याच एका खोलीत झोपायला जागा द्यायची. साल संपले की बोली दुसरीकडे, आणि मेच्या त्या दिवसांत साऱ्या खोऱ्यातले रस्ते सामानाच्या गाड्यांनी भरून जात.

जवळच्या नॉरहॅम गावचे पाद्री विल्यम गिली यांनी १८४१ साली या लोकांच्या घरांविषयी एक कळकळीचे पुस्तक लिहिले. त्या काळी शेतमालक गड्याला देई ते जवळजवळ नुसत्या चार भिंती आणि छप्पर. चुलीची जाळी गड्याने आणायची, कपाटासारखे बंद पलंग त्याने आणायचे आणि तेच आडवे लावून खोलीचे भाग पाडायचे, आणि खिडकीसुद्धा, चौकटीसह, गड्यानेच बरोबर आणून भिंतीतल्या भोकात बसवायची. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते हे आपण म्हणतो, पण खिडकीसकट बिऱ्हाड मी पहिल्यांदाच ऐकत होते. हे मी वाचून दाखवले तेव्हा बाबा उठले, स्वयंपाकघरातल्या लहान खिडकीपाशी गेले आणि तिची चौकट हाताने चाचपून पाहू लागले. अर्थात ती चौकट अलीकडची, दुहेरी काचेची होती.

सोमवारी आम्ही ब्रँक्स्टनच्या रणभूमीवर गेलो. ९ सप्टेंबर १५१३ रोजी इथे फ्लॉडनची लढाई झाली. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री फ्रान्समध्ये लढायला गेला होता, आणि फ्रान्सशी जुने सख्य असलेला स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स, जो हेन्रीचा सख्खा मेहुणा होता, तो ट्वीड ओलांडून आला. त्याने नॉरहॅम, ईटल आणि फोर्ड या गढ्या घेतल्या आणि फ्लॉडनच्या टेकडीवर मोर्चे बांधले. सत्तरीच्या घरातल्या इंग्रज सेनापतीने, अर्ल ऑफ सरीने, त्याच्यावर समोरून चालून जाण्याचे टाळले. फौजेला वळसा घालून त्याने तोफा ट्विझलच्या दगडी पुलावरून टिलपार नेल्या आणि उत्तरेकडून येऊन स्कॉट फौज आणि स्कॉटलंड यांच्या मध्येच तो उभा राहिला. त्यामुळे त्या दिवशी स्कॉट सैनिकांची तोंडे स्वतःच्या देशाकडे होती आणि इंग्रजांची इंग्लंडकडे.

टेकडीच्या उतारावरून गव्हाच्या शेताच्या कडेने चालायची वाट आहे. ती उतरताना लढाईचे वर्णन न वाचताही तिचा निकाल समजतो. वरून पाहिले तर समोरचा क्रूस असलेला उंचवटा अगदी हाकेच्या अंतरावर वाटतो आणि उतार सरळ दिसतो. खाली आल्यावरच कळते की मध्ये एक सखल पट्टा आहे, तिथे पाणी साचते आणि त्यानंतर पुन्हा चढ आहे. जूनमध्येसुद्धा माझा बूट तिथे घोट्यापर्यंत रुतला. स्कॉट पायदळाच्या हातात सुमारे साडेपाच मीटर लांबीचे भाले होते, आणि त्यांचा सारा जोर रांग न मोडण्यावर असतो. चिखलात रांग मोडली, भाले निरुपयोगी झाले, आणि आखूड दांड्याला कोयत्यासारखे पाते लावलेल्या इंग्रजी ‘बिल’ने पुढचे काम केले. राजा स्वतः पडला, आणि त्याच्या बाजूचे मृत सुमारे १०,००० होते असा अंदाज सांगितला जातो. १९१० साली उभारलेल्या दगडी क्रूसावर फ्लॉडन, सन, आणि ‘दोन्ही राष्ट्रांच्या शूरांना’ एवढेच कोरले आहे, कोण जिंकले ते नाही. बाबा तिथे बराच वेळ उभे होते. नंतर गावातल्या जुन्या लाल टेलिफोनच्या खोक्यात मांडलेले चिमुकले माहिती केंद्र पाहून मात्र त्यांना हसू आवरले नाही.

मंगळवार पावसात गेला. शेगडी आता आमच्या आज्ञेत होती, म्हणून तिच्यापुढे बसून बाबांना मी ‘रीव्हर’ लोकांच्या, म्हणजे सरहद्दीवरच्या दरोडेखोर घराण्यांच्या गोष्टी वाचून दाखवल्या. १६०३ साली दोन्ही मुकुट एका डोक्यावर येईपर्यंत इथे तीनेकशे वर्षे गुरे पळवणे हा दोन्हीकडचा राजरोस धंदा होता. सरहद्दीचे दोन्ही बाजूंना तीन-तीन विभाग पाडून त्यांवर अधिकारी नेमले होते आणि त्यांचा एक सामाईक कायदाही होता. ज्याची गुरे गेली त्याला सहा दिवसांच्या आत हद्द ओलांडून पाठलाग करण्याचा अधिकार होता, मात्र तो चोरून करायचा नाही. भाल्याच्या टोकावर जळाऊ मातीचे पेटते ढेकूळ धरून, शिकारी कुत्र्यांसह, उघडपणे करायचा. गुरे पळवू नयेत म्हणून घराण्यांना जो हप्ता द्यावा लागे, त्याच्या नावातला ‘मेल’ म्हणजे खंड, आणि ‘ब्लॅकमेल’ हा शब्द तिथूनच आला, हे ऐकल्यावर हिशेबनीस बाबा म्हणाले, “म्हणजे खंडणीच की. वहीत कुठल्या खात्यावर मांडत असतील?”

बुधवारी किराणा आणायला आम्ही ट्वीडवरचा पूल ओलांडून स्कॉटलंडमधल्या कोल्डस्ट्रीमला गेलो. जॉन स्मीटन या अभियंत्याने बांधलेला तो पूल १७६६ सालचा आहे. पलीकडच्या टोकाला जकातीचे छोटे घर आहे, तिथे पळून आलेल्या इंग्रज जोडप्यांची लग्ने लागत. इंग्लंडमध्ये १७५४ पासून लग्नाचे नियम कडक झाले, स्कॉटलंडमध्ये साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवरा-बायको’ म्हटले की पुरे होते, आणि १८५६ साली एकवीस दिवसांच्या वास्तव्याची अट आली तेव्हा हा व्यवसाय बसला. पुलावर हद्दीची पाटी आहे, पहारा नाही, विचारणा नाही. हद्द जाणवते ती दुकानात आणि पायवाटेवर. स्कॉटलंडमध्ये २०१८ पासून दारूला किमान दर ठरवून दिला आहे, इंग्लंडमध्ये तो नाही, म्हणून स्वस्तातली दारू घ्यायला पूल ओलांडून अलीकडे येणे परवडते. बाबांना हे समजावून सांगावेच लागले नाही. “कोल्हापूरच्या गाड्या आपल्या पंपावर पेट्रोल भरायला येतात तसं,” एवढे म्हणून ते पुढे चालू लागले.

पुलापलीकडे २००३ च्या कायद्यामुळे जबाबदारीने वागणाऱ्या माणसाला जवळपास कोणत्याही मोकळ्या जमिनीवरून चालता येते. अलीकडे मात्र ठरलेली वाट सोडली तर ती परक्याच्या शेतातली घुसखोरी. सगळ्यांत नवल नदीचे. इंग्लंडमध्ये गळ टाकायला सरकारी परवाना लागतो, पण ट्वीडला आणि तिला मिळणाऱ्या टिलसारख्या नद्यांना, त्या इंग्लंडमध्ये असल्या तरी, तो लागत नाही, कारण या साऱ्या पाण्याचा मासेमारीचा कारभार एकत्रच पाहिला जातो. काठावर गळ घेऊन उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी हे आम्हाला सांगितले. त्या काठाच्या मालकाची परवानगी त्यांनी काढलेली होती, तेवढी मात्र दोन्हीकडे लागतेच.

बेरिकला आम्ही एकच दुपार दिली, ती कमी पडली. तेरा वेळा देश बदललेले आणि १४८२ पासून इंग्लंडकडे असलेले हे शहर, आणि त्याचा फुटबॉल संघ अजूनही स्कॉटलंडच्या स्पर्धांत खेळतो. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या तटावरून, मातीने भरलेल्या त्या रुंद बुरुजांवरून फिरताना, बाजार कोल्हापूरचा आणि कचेरी बेळगावची असलेल्या गावचे माझे बाबा फार बोलत नव्हते. रॉबर्ट स्टीफन्सनच्या १८५० सालच्या पुलाच्या अठ्ठावीस कमानी मात्र त्यांनी दोनदा मोजल्या.

आमची अनामत धोक्यात आली ती गुरुवारी रात्री. टेबलावर अंथरलेल्या पांढऱ्या सुती पट्टीवर आईच्या हातून आमटी सांडली. माझ्या नवऱ्याने घाईने धुण्याचा साबण लावून ती चोळली आणि पिवळा डाग क्षणात लालभडक झाला. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. आई मात्र हसू लागली, कारण हळदीला चुना लागला की कुंकू होते, आणि साबण हा त्याच जातीचा. तिने लिंबू पिळले, डाग पुन्हा पिवळा झाला. मग साध्या पाण्याने धुऊन तिने ती पट्टी मागच्या अंगणातल्या दोरीवर, डाग दक्षिणेकडे येईल अशी, वाळत घातली. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, आणि जूनमध्ये तिथे ऊन पहाटे साडेचारपासून असते. शुक्रवारी दिवसभर तिने ती तीनदा ओली करून परत टांगली.

शनिवारी सकाळी दहाला घर रिकामे करायचे होते. शेगडीतली राख गार झाल्याची हाताने खात्री करून ती मागच्या झाकणाच्या बादलीत टाकली, तेलाची बरणी आमच्या सामानात घेतली, सोफ्यावरचे अंथरूण उचलले. बाबांनी स्वतःची पिशवी भरून झाल्यावर स्वयंपाकघरातली खिडकी लावून घेतली आणि कडी दोनदा ओढून पाहिली. डाग होता की नव्हता हे ज्याला ठाऊक होते त्यालाच दिसेल इतका फिकट उरला होता. तरीही मी अभिप्रायाच्या वहीत जिन्याविषयी आणि डागाविषयी, दोन्ही खरे लिहिले. आईने पट्टीची घडी घातली, ते टोक आत ठेवून. आम्ही किल्ली पेटीत ठेवून आकडे फिरवत होतो तेव्हाच सफाईची बाई गाडीतून चादरींचे गठ्ठे उतरवत होती. दुपारी चारला पुढचे लोक यायचे होते.

चौथ्या दिवशी दीडशे पौंड पूर्ण परत आले.